अंगठ्याच्या मुळाचा संधिवात आणि हाड काढण्याची शस्त्रक्रिया

तालुक्याच्या गावी भरलेल्या एका आरोग्य शिबिरात माहिती कक्षाच्या मेजामागे मी बसलो होतो. साठीच्या आसपासच्या एक बाई क्ष-किरण चित्राचा लिफाफा घेऊन समोर आल्या. अबोलीचे वळेसर गुंफून विकण्याचा त्यांचा व्यवसाय. उजवा हात पुढे करून त्यांनी विचारले, "साहेब, डॉक्टर म्हणतात, अंगठ्याखालचे एक हाड काढून टाकावे लागेल. हाडच काढले तर अंगठा उभा कशावर राहील? घराखालचा खांब कुणी काढतो का?"

प्रश्न बिनतोड होता. मी कलाशाखेचा पदवीधर; शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपलेला. "मावशी, विचारून सांगतो," एवढेच उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ होते. पुढे या विषयावरील वाचन केले, अस्थिरोगतज्ज्ञांकडून शंकांचे निरसन करून घेतले आणि ध्यानात आले की मावशींनी विचारलेला प्रश्न शल्यचिकित्सकांनीही सत्तर वर्षांहून अधिक काळ स्वतःला विचारला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या भरात त्यांनी अनेक युक्त्या योजिल्या आणि अखेरीस बरेचसे उत्तर साधेच निघाले. ती हकिगत वाचकांपुढे ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हाताच्या रचनेकडे पाहू. मनगटात आठ लहान हाडे दोन ओळींत बसविलेली असतात. बोटांकडील ओळीत अंगठ्याच्या बाजूचे जे शेवटचे हाड, त्याचे नाव ट्रॅपेझियम. भूमितीत ज्याला आपण समलंब चौकोन म्हणतो, त्याच आकृतीचे हे नाव आहे, हे शिक्षक वाचकांच्या लक्षात येईलच. हाडाचा आकार मात्र इतका रेखीव नसतो. या हाडाचा वरचा पृष्ठभाग घोड्याच्या खोगिरासारखा एका दिशेने खोलगट व दुसऱ्या दिशेने उंचावलेला असतो. त्यावर अंगठ्याच्या करभास्थीचे, म्हणजे तळहातातील हाडाचे, तसेच उलट्या खोगिरासारखे टोक बसते. खोगिरावर बसलेला स्वार पुढे-मागे झुकू शकतो, डावी-उजवीकडेही कलू शकतो; त्याप्रमाणे अंगठाही सर्व दिशांनी फिरतो आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला जाऊन भिडतो. चिमटीत धरणे हा मानवी हाताचा विशेष याच एका सांध्यावर उभा आहे.

या मोकळेपणाची किंमत सांध्याला मोजावी लागते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ साली अंगठ्यावर पडणाऱ्या दाबाचा हिशेब मांडला. अंगठ्याच्या टोकाशी एक किलो जोराने चिमटी धरली, तर मुळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलोचा दाब येतो आणि घट्ट मूठ आवळली असता तो १२० किलोपर्यंत जाऊ शकतो, असे त्यांना आढळले. कारण सरळ आहे. अंगठा ही एक तरफ आहे. तिचे टोक लांब आणि स्नायूंची ओढ सांध्याच्या अगदी जवळ. विळीवर नारळ खवणे, ओल्या कपड्याला पीळ देणे, काजूच्या बिया फोडणे, कचेरीत दिवसभर शिक्के मारणे, फळ्यावर खडूने लिहिणे, या प्रत्येक कामात बारापटीचा हा हिशेब चालूच असतो.

वयोमानानुसार हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा झिजते, सांधा बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल पडतात आणि करभास्थीचे बूड खोगिरावरून बाहेरच्या अंगास घसरू लागते. अंगठ्याच्या मुळाशी जो उंचवटा दिसतो, तो या घसरण्याचा व कडेने वाढलेल्या हाडाचा परिणाम होय. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक, आणि त्यांतही रजोनिवृत्तीनंतर विशेष आढळतो. किल्ली फिरविताना, बरणीचे झाकण उघडताना, सुईत दोरा ओवताना अंगठ्याच्या बुडाशी कळ येते. हातातील वस्तू निसटते. पुढे पुढे रात्रीची झोपही मोडते. सर्वच अंगठेदुखी या सांध्याची नसते, हेही ध्यानात ठेवावे. मनगटाच्या कडेला कंडरांच्या वेष्टनास सूज येऊन होणारे दुखणे अगदी शेजारचे असते. बोटांना रात्री मुंग्या येत असतील, तर मनगटातील मज्जातंतू दाबला जात असण्याचा संभव असतो. आमवात हा तर वेगळाच रोग असून त्याचे औषधही वेगळे. डॉक्टर अंगठा धरून मुळाशी किंचित दाबून फिरवितात, तेव्हा ओळखीची कळ उठली व आत खरखर जाणवली, तर निदान बहुधा निश्चित होते. क्ष-किरण चित्र त्यास पुष्टी देते.

या चित्राविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी. चित्रात झीज मोठी आणि दुखणे नाममात्र, असे अनेकदा असते. याच्या उलटही असते. म्हणून केवळ चित्र पाहून कोणी शस्त्रक्रियेस घाई करीत असेल, तर रुग्णाने थांबावे. शस्त्रक्रियेचा निर्णय हात किती दुखतो आणि कोणती कामे अडतात यावरून करावयाचा असतो.

आरंभीचे उपाय साधे आहेत. अंगठ्याच्या मुळाला आधार देणारी पट्टी अथवा स्प्लिंट काही आठवडे कामाच्या वेळी व रात्री बांधणे. पेनावर, झाऱ्याच्या दांड्यावर कापड गुंडाळून पकड जाड करणे. पिळण्याचे काम दोन्ही तळव्यांनी करणे. अंगठ्याभोवतालचे स्नायू बळकट करणारे हलके व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञांकडून शिकून घेणे. वेदनाशामक मलम व डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या हेही त्यात येते. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्याने कित्येकांना काही आठवडे वा महिने आराम पडतो. मात्र मधुमेही रुग्णांची रक्तशर्करा त्यानंतर काही दिवस वाढते, हे आधी सांगून ठेवावे. अंगठा ओढून 'सांधा बसवून' देणाऱ्यांच्या हाती हात देऊ नये. झिजलेली कूर्चा ओढल्याने भरून येत नाही आणि सैल अस्थिबंध अधिक सैल होतात. बऱ्याच रुग्णांचे काम या उपायांवर भागते. कित्येक महिने हे सर्व करूनही कळ जात नाही, तेव्हाच शस्त्रक्रियेचा विचार पुढे येतो.

सर्वांत प्रस्थापित शस्त्रक्रिया म्हणजे ट्रॅपेझियम हे हाड संपूर्ण काढून टाकणे. ब्रिटनमधील शल्यचिकित्सक डब्ल्यू. एच. गर्विस यांनी १९४९ साली या विकारावरील उपाय म्हणून तिचे वर्णन प्रसिद्ध केले. विचार असा की, दोन खडबडीत पृष्ठभाग एकमेकांवर घासतात म्हणून वेदना होते; त्यांपैकी एक हाडच नाहीसे केले तर घासण्यास काही उरत नाही.

ही शस्त्रक्रिया बहुधा केवळ हात बधिर करूनही होऊ शकते. दंडावर पट्टा आवळून रक्तप्रवाह तात्पुरता थांबवितात आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन-चार सेंटिमीटरची चीर देतात. येथे शल्यचिकित्सकाला तीन ठिकाणी जपावे लागते. त्वचेखालीच अंगठ्याच्या पाठीस संवेदना पुरविणाऱ्या नाजूक मज्जातंतूच्या शाखा असतात. त्यांच्या खाली, वैद्य जिची नाडी पाहतात तीच धमनी वळसा घेऊन सांध्यावरून जाते. आणि हाडाच्या तळाशी एका खोबणीतून मनगट वाकविणारी एक जाड कंडरा जाते. हाड एकसंध उपटून काढणे अवघड असते, कारण त्याची सांधेजोड चार हाडांशी असते. म्हणून बहुधा ते छिन्नीने तुकडे करून चिमट्याने वेचून काढतात. टोकदार कण मागे राहिला तर पुढे टोचत राहतो, यास्तव पोकळी तपासून घेतली जाते. शेजारच्या दोन लहान हाडांमधील सांधाही झिजला आहे काय, हेही त्याच वेळी पाहतात; तो दुर्लक्षिला गेला तर वेदना शिल्लक राहू शकते. नंतर सांध्याचे वेष्टन शिवून, त्वचेस टाके घालून हात प्लॅस्टरमध्ये ठेवतात.

आता मावशींचा खांब. हाड काढल्यावर जी पोकळी राहते, तीत प्रथम रक्त साकळते. मग त्या गोठलेल्या रक्ताच्या जागी हळूहळू तंतुमय ऊतींची चिवट गादी तयार होते. जखम भरून येताना त्वचेवर जसा घट्ट वण उठतो, तशीच ही प्रक्रिया आत घडते. करभास्थीचे बूड या गादीवर टेकते. शिवाय अंगठा केवळ त्या एका हाडावर उभा नसतो. शेजारच्या करभास्थीशी त्याला बांधणारे अस्थिबंध आणि चहूबाजूंच्या कंडरा व स्नायू त्याला तोलून धरतात. खांबाची उपमा म्हणूनच थोडी फसवी आहे. तंबूचा खांब दोरांनी चहूकडून ताणलेला असतो, ती उपमा अधिक जवळची. गादी तयार होईपर्यंत अंगठा खाली बसू नये म्हणून काही शल्यचिकित्सक एक बारीक तार घालून तो चार ते सहा आठवडे ताणून धरतात व नंतर तार काढून टाकतात.

तरीही पोकळी काही अंशी कमी होते, अंगठा किंचित आखूड होतो. यावरूनच शल्यचिकित्सकांच्या मनात शंका उद्भवली की रिकाम्या जागेत काही भरले पाहिजे. अमेरिकेतील अल्फ्रेड स्वॉन्सन यांनी १९७० च्या सुमारास सिलिकोन रबराचे कृत्रिम हाड तेथे बसविण्याची पद्धत रूढ केली. आरंभी परिणाम उत्तम वाटले. पुढे ही हाडे घसरू लागली, झिजू लागली आणि त्यांच्या सूक्ष्म कणांमुळे शेजारच्या हाडांत दाह निर्माण होऊ लागला. तेव्हा या पद्धतीचा वापर ओसरला. फ्रॉइमसन यांनी १९७० मध्ये दुसरा मार्ग दाखविला. रुग्णाच्याच मनगटातील कंडरेची पट्टी काढून तिची गुंडाळी पोकळीत भरावयाची. या गुंडाळीस पाश्चात्त्य शल्यचिकित्सक 'अँचोवी' म्हणतात. हा लहानसा मासा तिकडे वळकटी करून डब्यात भरतात. आपली मांदेली त्याच कुळातली. शस्त्रक्रियागृहातही माशाचे नाव निघते हे वाचून किनारपट्टीच्या वाचकांस गंमत वाटेल.

ईटन आणि लिटलर यांनी १९७३ साली सैल अस्थिबंधाच्या जागी कंडरेचा नवा बंध विणण्याची रीत वर्णिली. बर्टन आणि पेलेग्रिनी यांनी १९८६ मध्ये या दोन्ही कल्पना एकत्र आणल्या. ट्रॅपेझियम काढावयाचे, मनगट वाकविणारी कंडरा घेऊन करभास्थीच्या बुडातील भोकातून ओवून नवा बंध करावयाचा आणि उरलेल्या भागाची गुंडाळी पोकळीत ठेवावयाची. ही पद्धत अमेरिकेत व अन्यत्र अतिशय लोकप्रिय झाली. कंडरा एका कामावरून काढून दुसऱ्या कामास लावणे आपल्याकडेही नवे नव्हते. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने लुळ्या पडलेल्या हातांवर १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तेच केले होते. तेथे कंडरा हलविल्यावाचून बोट चालतच नव्हते. येथे प्रश्न निराळा होता: कंडरा घेतल्याने खरोखर काही अधिक लाभ होतो काय?

या प्रश्नाची पद्धतशीर तपासणी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे टी. आर. सी. डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. १८३ अंगठ्यांची तीन गटांत चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करण्यात आली. पहिल्या गटात केवळ हाड काढले. दुसऱ्यात हाड काढून कंडरेची गुंडाळी भरली. तिसऱ्यात नवा बंध विणून गुंडाळीही ठेवली. एक वर्षानंतरचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. दर पाचांपैकी सुमारे चार अंगठ्यांची वेदना चांगल्या प्रकारे शमली होती, आणि तिन्ही गटांत वेदना, चिमटीचे बळ वा हालचाल यांत लक्षणीय फरक नव्हता. पाच ते अठरा वर्षांनंतर त्याच रुग्णांची पुन्हा तपासणी करून २०१२ साली जो अहवाल आला, त्यातही चित्र तेच राहिले. जगभरच्या अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यातही कोणतीही एक पद्धत दुसरीहून सरस असल्याचे सिद्ध झाले नाही.

मला या निष्कर्षाचे महत्त्व विशेष वाटते. कंडरा घेण्यासाठी हातावर आणखी चिरा द्याव्या लागतात, शस्त्रक्रिया लांबते, आणि दुखणारी आणखी एक जागा निर्माण होते. खाजगी रुग्णालयात खर्चही वाढतो. कर्ज काढून 'मोठी' शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या माणसाला हे ठाऊक असावे की साध्या शस्त्रक्रियेचा निकाल तिच्याहून उणा ठरलेला नाही. याचा अर्थ नवा बंध विणणारा शल्यचिकित्सक चूक करतो, असा नव्हे. ज्याला जी रीत उत्तम साधते, तीच त्याने करावी, हेही वैद्यकात एक तत्त्व आहे. काही हातांत कारणही असते. अंगठ्याचा मधला सांधा मागे फार वाकत असेल, तर केवळ हाड काढून भागत नाही, त्या सांध्याचीही दुरुस्ती करावी लागते. परंतु "माझ्या हाताला हे अधिकचे काम कशासाठी?" असे विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे आणि चांगला डॉक्टर त्याचे उत्तर देतो.

गुंडाळीसाठी अनेकदा जी कंडरा घेतात, ती आपल्या हातात आहे काय, हे घरबसल्या पाहता येते. अंगठा व करंगळी यांची टोके जुळवून मनगट किंचित वाकवावे. मनगटाच्या मध्यभागी एक दोरी उठून दिसते. काही जणांस ती जन्मतःच नसते आणि तिच्यावाचून त्यांचे कधी काही अडलेले नसते. वर्गातील मुलांकडून हे करवून पाहिले, तर शरीररचनेच्या पाठाला रंग चढेल.

अन्य पर्याय थोडक्यात सांगतो. जड कामे करणाऱ्या तरुण माणसात सांधा कायमचा जोडून टाकतात. बळ टिकते, पण तळहात सपाट टेकता येत नाही आणि कधी हाडे जुळतच नाहीत. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात द ला काफिनियेर यांनी खुब्यासारखा गोळा-वाटीचा कृत्रिम सांधा आणला. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आज युरोपात बऱ्याच वापरल्या जातात. त्यात ट्रॅपेझियम शाबूत राहते व हात लवकर चालू लागतो. मात्र कृत्रिम भाग सैल होण्याचा वा निखळण्याचा धोका उरतो, आणि तो फसला तर शेवटी हाड काढण्यापाशीच यावे लागते.

शस्त्रक्रियेनंतरच्या काळाविषयी रुग्णांची सर्वाधिक निराशा होते, कारण तो काळ किती लांब आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. चार ते सहा आठवडे प्लॅस्टर अथवा स्प्लिंट. या काळात हात उशीवर उंच ठेवावा आणि मोकळी बोटे दिवसातून अनेकदा हलवावीत, नाही तर ती आखडतात. त्यानंतर व्यायाम. हलकी कामे दोन-तीन महिन्यांत जमू लागतात. चिमटीचे बळ सहा महिन्यांपर्यंत, कित्येकांत वर्षापर्यंत वाढत राहते. तिसऱ्या महिन्यात हात दुखतो म्हणून शस्त्रक्रिया फसली असे मानू नये. अंगठ्याच्या पाठीवर काही काळ बधिरपणा राहणे बरेचदा घडते. परंतु जखमेतून पू येणे, ताप येणे, किंवा हात सुजून, तांबडा-चकचकीत होऊन प्रमाणाबाहेर दुखू लागणे, यांपैकी काही आढळल्यास पुढील तारखेची वाट न पाहता त्वरित रुग्णालयात जावे. या शेवटच्या प्रकारात उशीर झाला तर हात कायमचा आखडू शकतो.

विकार दोन्ही हातांत असला, तरी शस्त्रक्रिया बहुधा एका वेळी एकाच हाताची करतात. जेवणे, न्हाणे, वस्त्र बदलणे दुसऱ्या हातानेच करावयाचे असते. शेतकरी कुटुंबाने पेरणी-कापणीचे दिवस टाळून, शिक्षकांनी दीर्घ सुट्टीच्या आरंभी आणि कचेरीतील कर्मचाऱ्यांनी रजेचा हिशेब करून तारीख घ्यावी. ज्यांच्याकडे सरकारी आरोग्य योजनेचे पत्र आहे, त्यांनी या शस्त्रक्रियेचा समावेश आपल्या योजनेत आहे किंवा कसे, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयाच्या योजना कक्षात विचारून घ्यावे. मधुमेह असल्यास आधी साखर आटोक्यात आणावी, तंबाखू व धूम्रपान बंद करावे; दोहोंमुळे जखम भरण्यास विलंब लागतो.

मावशींना मी हे सर्व कालांतराने सांगितले. त्यांनी प्रथम स्प्लिंट आणि एक इंजेक्शन एवढ्यावर आठ महिने काढले. नंतर पावसाळ्यात, फुलांचा धंदा मंद असताना, सरकारी रुग्णालयात उजव्या हाताचे हाड काढून घेतले. कंडरा घेतली नाही. पाचव्या महिन्यात त्या पुन्हा वळेसर गुंफू लागल्या. लोणच्याच्या बरणीचे झाकण मात्र अजून सुनेकडूनच उघडून घेतात, आणि डाव्या हाताचे काय करावयाचे ते पुढच्या पावसाळ्यात ठरवू म्हणतात.